पुऱ्यांच्या लाटण्याचं माप

एखादी वस्तू विकत घेण्याआधी तिच्याबद्दल जेवढं म्हणून कळून घेता येईल तेवढं कळून घ्यायचं आणि मग ती घ्यायचीच नाही, ही कला आमच्या भावोजींइतकी अख्ख्या जर्मनीत कुणाला साधली नसेल. आणि हा देश या बाबतीत काही कच्चा नाही बरं का! इथे माणसं टोस्टर घेण्याआधी त्याच्या चाचणीचे निकाल वाचतात. पण वाचून झाल्यावर टोस्टर घेतात. भावोजी त्याच्या पुढचे. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान मूळचे इस्लामपूरचे. गेली चौदा वर्षं स्टुटगार्टमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आहेत. तिथे ते दिवसभर लोखंडाचे तुकडे मशिनवर थरथरवत ठेवतात आणि कुठला कधी मोडतो ते लिहून ठेवतात. असा माणूस संध्याकाळी दुकानात जाऊन सुखासुखी छत्री घेईल, ही अपेक्षाच चुकीची. मी पीएचडीसाठी साडेचार वर्षं त्यांच्या घरी राहिले, त्यातली पहिली दोन आम्ही तिघं मिळून एक छत्री वापरत होतो, तीसुद्धा ताईनं माहेरून आणलेली. सोफ्याचं तर विचारूच नका. ताई सांगते, पहिलं वर्षभर घरी आलेला पाहुणा सुटकेसवर बसायचा आणि भावोजी त्याला सोफ्यातल्या स्प्रिंगांचे प्रकार समजावून सांगायचे.

खुद्द ताईची निवडही याच पद्धतीनं झाली. बघायला आले, पोहे खाल्ले, दोनदा मागून घेतले, "कळवतो" म्हणाले आणि गेले. पाच महिने कळवेनात. बाबांनी नकार समजून दुसरी स्थळं बघायला घेतली, तेव्हा ताईनंच वैतागून फोन लावला, "तुमचं अजून काही बघायचं राहिलंय का?" पलीकडून भावोजी अगदी शांतपणे म्हणाले, "छे छे, तुम्ही तर पहिल्याच दिवशी पसंत होतात. पण एकदा कळवलं की झालंच ना, म्हणून जरा थांबलो होतो." या उत्तरावर दुसऱ्या कुणी फोन आपटला असता. आमची ताई हसली, म्हणून आज त्यांचा संसार आहे. त्या वाक्याचा अर्थ मला मात्र फार उशिरा कळला.

भावोजींना या परक्या गावात त्यांच्याच जातकुळीचा एक माणूस भेटला, तो म्हणजे तळमजल्यावरचे हेर, म्हणजे इथल्या भाषेत श्रीयुत, एबर्ले. वय पंच्याहत्तरच्या पुढे, जन्मभर लेथवर काम केलेलं, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी दूर ब्रेमेनला. आमच्या भागात केअरवोखं नावाची एक चाल आहे. इमारतीचा जिना झाडायची पाळी आठवड्याआठवड्यानं एकेका घराकडे येते आणि दारावर तशी पाटी लटकते. नव्यानं राहायला आलेले लोक या पाटीला वचकून असतात, कारण झाडलेलं शेजाऱ्यांना पसंत पडावं लागतं. भावोजींनी पहिल्याच पाळीला जिना झाडला, पुसला, कठड्याच्या फटी जुन्या टूथब्रशनं घासल्या आणि जाता जाता मुख्य दाराच्या कुरकुरणाऱ्या बिजागरीला तेल घातलं. हेर एबर्ले दार किलकिलं करून हे सगळं बघत होते. शेवटी बाहेर आले, दार तीनदा उघडून मिटलं आणि म्हणाले, "नेट श्लेश्ट." म्हणजे, वाईट नाही. या भागातल्या माणसाच्या तोंडून याहून मोठी स्तुती निघत नाही. बायकोच्या स्वयंपाकालाही तो एवढंच म्हणतो.

त्या बिजागरीपासून दोघांची दोस्ती जमली. हेर एबर्ले गावच्या नेमबाजांच्या क्लबचे, म्हणजे त्यांच्या भाषेत फेराइनचे, जुने सभासद. कॉलेजात असताना एनसीसीच्या शिबिरात आपण पॉइंट टू-टूनं पाच गोळ्या झाडल्या होत्या आणि त्यातल्या तीन निशाणाच्या पाटीला लागल्या होत्या, हे भावोजींनी कधीतरी बोलून टाकलं. झालं! पुढच्या गुरुवारपासून म्हातारा त्यांना घेऊन रेंजवर जायला लागला. परीक्षा, अर्ज, आम्टातल्या, म्हणजे सरकारी कचेरीतल्या, खेपा, सगळं त्यांनी मागे लागून करून घेतलं आणि दोन वर्षांत भावोजींना परवाना मिळाला. स्वतःची बंदूक? ती अर्थातच अजून बघणं चालू होतं. तोवर ते फेराइनची वापरत. गुरुवारी रेंजवरून आले की दोघंही आमच्या स्वयंपाकघरात बसायचे. हेर एबर्ले भावोजींना नेहमी "हेर नाखबार" म्हणायचे, म्हणजे शेजारीबुवा. पहिल्या वर्षी ते चहाला नाही म्हणायचे, दुसऱ्या वर्षी अर्धा कप घ्यायचे आणि तिसऱ्या वर्षी कप खाली ठेवून ताईला विचारायला लागले, "आज आलं कमी पडलं का?"

आता मुख्य गोष्ट. माझं तिसरं वर्ष चालू असताना हेर एबर्ल्यांची डाव्या हाताची बोटं आखडायला लागली. जिन्याचा कठडा धरवेना, बरणीचं झाकण उघडेना. मुलीनं ठरवलं की ऑक्टोबरअखेर बाबांना ब्रेमेनला घेऊन जायचं, आणि फार वाद न घालता ते कबूल झाले. त्यांची अट एकच होती. ऑक्टोबरच्या मध्याला फेराइनची शरदाची स्पर्धा असते. बेचाळीस वर्षांत त्यांनी ती एकदाही चुकवली नव्हती. जाण्याआधी एकदा, सगळ्यांदेखत, उभं राहून, स्वतःच्या कार्बाइननं दहा गोळ्या झाडायच्या आणि मग गाव सोडायचं. पण अडचण अशी की त्या छोट्या टू-टू कार्बाइनवरचा हँडगार्ड, म्हणजे नळीभोवतीचं ते आवरण, जिथे डाव्या हातानं धरायचं असतं, तो होता जाड आणि पुढून जड. तिसऱ्या गोळीला हात घसरायचा. मार्चमधल्या एका गुरुवारी त्यांनी खिशातून पाकीट काढून भावोजींसमोर ठेवलं. "हेर नाखबार, यात एकशेवीस युरो आहेत. मला धरता येईल असा हँडगार्ड तुम्ही बघा. एक सेंट वर नको. आणि भेट म्हणून काही चालणार नाही."

बघा! हे कुणाला सांगावं, तर भावोजींना! मी आणि ताईनं एकमेकींकडे बघितलं. मार्च ते ऑक्टोबर म्हणजे साडेसात महिने. एवढ्या अवधीत भावोजींचा साधा पायपुसण्याचाही निर्णय झाला नव्हता.

त्याच रात्री लॅपटॉपवर तक्ता उघडला. आडवे रकाने एकतीस. लांबी, वजन, घेर, कुठल्या मिश्रधातूचा, किती स्क्रू, जुन्या नटावर बसतो की नवा नट लागतो, परत करायचा झाला तर टपाल कोण भरणार. जेवताना दुसरा विषय नाही. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी, बंदुकीत मला काडीचं कळत नव्हतं, पण मे महिन्यापर्यंत मीसुद्धा झोपेत सांगितलं असतं की हँडगार्डला वस्तू अडकवायला ज्या पट्ट्या असतात त्यांना रेल म्हणतात. चारी बाजूंनी दातेरी रेल असलेले स्वस्त पडतात पण हाताला बोचतात, नुसत्या खाचा असलेले हलके पण महाग, आणि चांगला तो, जो फक्त मागच्या टोकाला घट्ट बसतो, बाकी नळीला कुठेच शिवत नाही, म्हणजे धरणाऱ्याच्या हाताचा दाब नळीवर येत नाही. "नळीच्या अवतीभवती, पण नळीच्या अध्यात ना मध्यात," भावोजी म्हणाले. "तुमच्यासारखा म्हणजे," ताई म्हणाली.

एकशेवीसमध्ये बसणारे सापडले चौदा. त्यातला कुठला म्हाताऱ्याच्या हातात बसेल, हे कळायचं कसं? हेर एबर्ले नियमाला पक्के. कार्बाइन कपाटातून निघायची ती पेटीत कुलूपबंद होऊन थेट रेंजवर जायची. स्वयंपाकघरात आणून धरून बघणं वगैरे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. भावोजी तीन दिवस विचार करत होते. चौथ्या दिवशी ताई पोळ्या करत असताना ते तिच्या हाताकडे टक लावून बघायला लागले. लग्नाला दहा वर्षं झाल्यावर नवरा असा बघतोय म्हणून ताई जरा लाजली, तर हे म्हणाले, "अगं, ते लाटणं जरा दे."

ताईकडे तीन लाटणी. पोळ्यांचं जाड, पुऱ्यांचं बारीक आणि सासूबाईंनी दिलेलं पापडांचं, अंगभर खाचा असलेलं. त्या गुरुवारी हेर एबर्ल्यांना ओट्यापाशी उभं करण्यात आलं. भावोजींनी प्रत्येक लाटण्याच्या पुढच्या टोकाला साबुदाण्याची पिशवी बांधली आणि ती काट्यावर तोलून तोलून हँडगार्डच्या वजनाइतकी केली. मग म्हातारा गाल टेकवल्यासारखा करून, एक डोळा मिटून, डाव्या हातात लाटणं पेलून आमच्या फ्रिजवर नेम धरायचा आणि भावोजी हातात घड्याळ घेऊन सेकंद मोजायचे. पापडांचं लाटणं त्यांनी लगेच खाली ठेवलं, "नाय, चावतं." म्हणजे दातेरी सहा बाद. पोळ्यांच्या लाटण्यावर बोटं पुरती वळेनात. पुऱ्यांचं मात्र त्यांनी धरलं ते धरलंच. चाळीस सेकंद झाले, पन्नास झाले, हात हलेना. आमची भाची, जिला मराठी सगळं कळतं पण बोलते ती जर्मनच, ती टाळ्या पिटून ओरडली, "ओपा श्टार्क!" आजोबा दणकट! म्हाताऱ्यानं लाटणं खाली घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "नेट श्लेश्ट."

वाटलं, झालं! माप मिळालं, बसणारे तीनच उरले, आता एक मागवायचा. कसलं काय! मे गेला, जून गेला. जुलैत भावोजींना कळलं की सप्टेंबरात सवलत लागायची शक्यता आहे. ऑगस्टमध्ये उरलेल्या तिनांतल्या एकाचा रंग हाताला लागतो, असं कुणीतरी कुठेतरी लिहिलेलं सापडलं, त्यावर दोन गुरुवार गेले. हेर एबर्ले दर आठवड्याला यायचे, चष्मा लावून तक्ता बघायचे, "गेनाऊ, गेनाऊ" (बरोबर, बरोबर) म्हणत मान डोलवायचे, आल्याचा चहा प्यायचे आणि जायचे. घाई करा असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. मी मात्र आतून चिडले होते. त्यांचा हात दर महिन्याला थोडा थोडा आखडत चालला होता. कप आता ते दोन्ही हातांनी उचलायचे. आणि आमचे हे ग्रॅम मोजत बसलेले!

सप्टेंबरअखेर ताईचा बांध फुटला. गुरुवारच होता, हेर एबर्ले नुकतेच खाली गेले होते. "अहो, तुम्हाला तो हँडगार्ड घ्यायचाय का नुसता बघत बसायचंय?"

भावोजी लॅपटॉपचं झाकण उघडमीट करत राहिले. मग म्हणाले, "घेतला की संपलंच ना."

"काय संपलं?"

"हेच. गुरुवार." आणि खाली बघून म्हणाले, "ते यायचे कशाला मग?"

मला पाच महिन्यांच्या त्या पोह्यांची आठवण झाली. हा माणूस चिकट नव्हता हो, चेंगटही नव्हता. जे मनापासून आवडलं ते ठरवून टाकायला तो भीत होता. ताई मग त्यांच्याजवळ जाऊन अगदी हळू म्हणाली, "तुम्ही नाही घेतलात तरी ऑक्टोबर संपणारच आहे. ते जाणारच आहेत. निदान दहा गोळ्या झाडून जाऊ देत."

भावोजींनी तिथल्या तिथे मागवला. टपालखर्च धरून एकशेअठरा युरो. उरलेले दोन त्यांनी पाकिटात ठेवले आणि पाकीट खाली नेऊन दिलं.

स्पर्धा शनिवारी. आदल्या गुरुवारी फेराइनच्या कामाच्या खोलीत हँडगार्ड बसवला, मीही बघायला गेले होते. स्क्रू म्हाताऱ्यानं सांगितले, पिळले भावोजींनी. बसला असा की दोघंही थोडा वेळ त्याच्याकडे नुसते बघत राहिले. मग हेर एबर्ले उभे राहिले. पहिली गोळी, दुसरी गोळी. तिसरी झाडून त्यांनी कार्बाइन खाली ठेवली आणि डाव्या हाताची बोटं उजव्या काखेत दाबून धरली. रेंज एका बाजूनं उघडी, सकाळपासून बोचरा वारा, आणि ॲल्युमिनियम बर्फासारखं गार पडलेलं. लाटणं लाकडी होतं आणि माप घेतलं होतं मे महिन्यात, पोळ्यांचा तवा तापलेला असताना. एकतीस रकान्यांत थंडीचा रकानाच नव्हता! दहा-अकरा हिवाळे जर्मनीत काढलेल्या माणसाची ही चूक. हातमोजा घालून बघितला, तर मोज्यात ती बोटं वळेनात. भावोजींचा चेहरा मला बघवत नव्हता. हेर एबर्लेच त्यांच्या पाठीवर थोपटून म्हणाले, "आल्झो, असू दे, तीन तर तीन. तीन गोळ्या झाडेन."

घरी येऊन भावोजी जेवले नाहीत. ताईनं सगळं ऐकून घेतलं, उठली आणि कपाटातून भाचीची लहानपणची केशरी कानटोपी काढली. ती उसवली आणि पुऱ्यांचं लाटणं मापाला घेऊन शुक्रवारी रात्रीपर्यंत त्या लोकरीची एक नळी विणून काढली, दोन्ही टोकांना ताणून बसेल अशी. शनिवारी सकाळी ती हेर एबर्ल्यांच्या दारात गेली. भेट चालणार नाही, असं त्यांनी म्हणायला तोंड उघडलं, तर आमची ताई आपल्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाली, "तुमच्या झाडाची सफरचंदं नऊ वर्षं खातोय आम्ही. ती काय मोजून दिली होतीत?" म्हाताऱ्यानं नळी घेतली आणि कोटाच्या खिशात घातली.

केशरी कानटोपी घातलेली कार्बाइन फेराइनच्या इतिहासात पहिलीच. लोक हसले. पंचांनी नियमांचं पुस्तक पुढून मागून चाळलं, लोकरीविरुद्ध एकही कलम निघालं नाही. हेर एबर्ले कुणाकडे न बघता उभे राहिले. एक, दोन, तीन. चौथीला मी श्वास धरला, तो दहावी सुटली तेव्हा सोडला. दहाही गोळ्या पाटीला लागल्या. एकोणीस जणांत नंबर आला तेरावा. त्यांनी तो भोकं पडलेला कागद हातात घेतला, एकेक भोक नीट बघितलं आणि भावोजींना म्हणाले, "नेट श्लेश्ट, हेर नाखबार." भावोजी चष्मा पुसायला लागले. तो आधीच स्वच्छ होता.

जायच्या आठवड्यात त्यांनी परवाना परत केला. कार्बाइन आम्टात रीतसर नोंद होऊन भावोजींच्या नावावर झाली. पण तिच्यावर होता तो जुना जाड हँडगार्ड! नवा, कानटोपीसकट, म्हाताऱ्यानं काढून घेतला होता. "मी विचारून आलोय. नुसत्या नळकांड्याला परवाना लागत नाही. हा माझ्या पैशांचा आहे, हा ब्रेमेनला येणार." आणि गाडीत बसता बसता म्हणाले, "तुम्ही आता तुमच्यासाठी बघा. सावकाश. मला दाखवल्याशिवाय घेऊ नका."

झालं! नवा तक्ता, नवे रकाने, थंडीचा रकाना सगळ्यात आधी. दर गुरुवारी संध्याकाळी सहाला फोन ओट्यावर डब्याला टेकवून उभा करायचा आणि पडद्यावर हेर एबर्ले, मांडीवर ते केशरी नळकांडं. माझं शिक्षण संपलं, मी म्युनिकला नोकरीला लागले. सुट्टीला गेले की तेच ऐकू यायचं, "आल्झो, हेर एबर्ले, हा एकविसावा..." सव्वादोन वर्षं हे चाललं. कधी घेणार, असं ताईनं एकदाही विचारलं नाही. मीही नाही.

गेल्या फेब्रुवारीत ब्रेमेनहून पुठ्ठ्याचा खोका आला. मी तेव्हा तिथेच होते. हेर एबर्ले जानेवारीत गेले, हे मुलीनं फोनवर कळवलं होतंच. आत तो हँडगार्ड आणि तिची चिठ्ठी होती. शेवटी शेवटी बाबा हा पांघरुणावर घेऊनच पडायचे, म्हणून तुम्हालाच पाठवते आहे, एवढंच लिहिलं होतं. भावोजी मग गुरुवारी रेंजवर गेले, मलाही बरोबर नेलं. जुना जाड हँडगार्ड काढला, हा बसवला. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. घरी आल्यावर ताईनं जपून विचारलं, "अहो, आणि ती यादी?"

"बघून झालं," भावोजी म्हणाले.

ताई म्हणाली, ती लोकर तरी काढून द्या, धुऊन टाकते. नको म्हणाले. डाव्या हाताची चार बोटं धरून धरून तिथली वीण चार जागी चपटी झाली आहे. भावोजी आपली बोटं बरोबर तिथेच ठेवतात. त्यांचा पंजा मोठा आहे, त्या जागा त्यांना जवळ जवळ पडतात, नेम थोडा हलतो. तरी ते हात सरकवत नाहीत.